सात, आठ, साठ आणि आईचा कूलर

मे महिन्यात आमच्या घरी कूलर चालू झाला की आईसाठी "सात", "आठ" आणि "साठ" हे तिन्ही शब्द एकच होऊन जातात. आई मूळची काटोलकडची, आता शहात्तर वर्षांची, आणि गेली बारा-तेरा वर्षं तिला कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरांनी ग्राफ दाखवून समजावलं होतं की वय झालं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, म्हणजे स, श, त, ठ, फ ही बारीक व्यंजनं, स्वर मात्र बराच काळ टिकतात. आता तुम्हीच बघा, सातमधून स आणि त काढा, साठमधून स आणि ठ काढा, आठमधून ठ काढा, उरतं काय तर नुसता "आ". त्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू असतो, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, कूलर फुल स्पीडवर, खसवर पाणी धो धो, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगते की आई सात वाजले, तर ती म्हणते, "साठ काय वं?"

मी नागपूरजवळ हिंगण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्युनिकेशन शिकवते. एरर करेक्टिंग कोड, म्हणजे वाटेत बिघडला तरी दुरुस्त करता येईल असा निरोप बांधणं, हा माझा सगळ्यात आवडता विषय, पंधरा-सोळा वर्षं झाली शिकवून राहिले, आणि तरी मला हे लक्षात यायला खूप वर्षं लागली की माझ्या घरात रोज तोच विषय चालू आहे.

कोडचं मूळ सांगणं तसं सोपं आहे. शब्द एकमेकांपासून लांब ठेवायचे. इतके लांब की वाटेत थोडीफार तोडफोड झाली तरी ऐकणाऱ्याला कळावं की हा अमुकच शब्द असणार, कारण दुसरा कुठलाच इतका जवळ नाही. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ शनिवार-रविवारी रिलेच्या, म्हणजे विजेच्या खटक्यांवर चालणाऱ्या, मशीनवर आपली गणितं लावून जायचा आणि सोमवारी येऊन पाहायचा तर मशीनने चूक पकडून ते काम मधेच सोडून दिलेलं, असं दोन विकेंड लागोपाठ झालं आणि तो चिडला, की बाबा तुला चूक झाली हे कळतं तर कुठे झाली हे काहून कळत नाही. त्यातून १९५० चा तो पेपर आला. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक. चार बिट माहितीचे, त्यांना पडताळणीचे तीन बिट जोडायचे, त्यांना पॅरिटी म्हणतात, एकूण सात. सात बिटांचे १२८ शब्द होतात, त्यातले फक्त १६ वापरायचे, आणि ते असे निवडायचे की कुठलेही दोन घ्या, कमीत कमी तीन जागी वेगळे. मग एक बिट बिघडला तरी खरा शब्द सापडतो. आणि गंमत म्हणजे प्रत्येक शब्दाचे सात शेजारी आणि तो स्वतः मिळून आठ, सोळा आठे एकशे अठ्ठावीस, एकही जागा वाया नाही. फळ्यावर हे लिहिताना मला आजही अंगावर काटा येतो, खरंच.

आता मराठीकडे बघा. सकाळी आणि संध्याकाळी. दोन्हीच्या शेवटी "काळी", फरक सगळा सुरुवातीला, आणि सुरुवातच कूलर गिळतो. जेवणाआधी आणि जेवणानंतर, इथे उलट, सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा, आणि शेवटाकडे तर आपण सगळेच आवाज खाली सोडतो. चार वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून आईला सोडलं तेव्हा तिथल्या माणसाने मास्कच्या आडून भराभर सांगितलं की ही गोळी जेवणाआधी, ही नंतर, ही सकाळी, ही संध्याकाळी, आणि आई प्रत्येक वाक्याला हो हो करत होती. मी बिल भरायला गेले होते. चार दिवस तिने मधुमेहाची गोळी उलट्या वेळी घेतली आणि पाचव्या दिवशी घामाघूम होऊन खाली बसली. नंतर तिला विचारलं तर म्हणे, "मले वाटलं तसंच म्हणे तो."

हे "मले वाटलं" माझ्या मनातून गेलं नाही. ऐकू आलं नाही तर ते तरी कळतं, पुन्हा विचारता येतं. पण चुकीचं ऐकून बरोबर ऐकल्याची खात्री वाटणं हे जास्त धोक्याचं. आमच्या भाषेत न पकडलेली चूक म्हणतात त्याला, आणि कोड बनवणारे सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच.

त्यानंतर आम्ही घरी ठरवून काही केलं नाही पण हळूहळू बोलणं बदलत गेलं. आता आमच्याकडे कोणी नुसतं "सकाळी" म्हणत नाही, "सकाळी चहासोबत" म्हणतो. संध्याकाळी म्हणजे "दिवा लावताना". सात म्हणायचं असेल तर भाऊ "सात, बातम्यांच्या वेळी" म्हणतो. आठवडाभर मी बाहेरगावी गेले की आल्यावर मलाच जड जातं, कारण तेवढ्यात त्या दोघांनी अजून काहीतरी नवीन शोधलेलं असतं. आणि आईसुद्धा बदलली, ती आता शब्द ऐकत नाही, वाक्याची चाल ऐकते, माझा चेहरा बघते, दिवसाची वेळ बघते, आणि मग ठरवते. बोलणारे आणि ऐकणारी दोघंही एकाच गोंगाटात बसून एकमेकांना सांभाळत शिकले. याचं डिझाइन कोणीच केलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून आपलं आपण शिकणाऱ्या प्रोग्रामने, कोड बनवायचा विषय आणला तेव्हा मला पहिल्यांदा हे घरचंच आठवलं. त्यात करतात काय तर दोन नेटवर्क घ्यायची, एक पाठवणारं, एक ऐकणारं, मधे मुद्दाम गोंगाट घालायचा. पाठवणाऱ्याला सोळातला एक निरोप द्यायचा, त्याने त्याचे सात आकडे करायचे, त्या आकड्यांवर गोंगाट मिसळायचा, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं की सोळातला कुठला. चुकलं तर दोघांनाही थोडं थोडं दुरुस्त करायचं. असं लाखो वेळा. टिम ओ'शे आणि याकोब हॉयडिस यांनी २०१७ मध्ये हे करून दाखवलं, आणि हॅमिंगचा जो सात बिटांत चार माहितीचे असा ७,४ कोड आहे, तोही सगळ्यात चांगल्या पद्धतीने डीकोड केलेला, म्हणजे आलेल्या गोंगाटातून मूळ निरोप ओळखलेला, त्याच्या बरोबरीला हे नेटवर्क आपलं आपण येऊन पोचलं. त्याला कोणी पॅरिटी शिकवली नव्हती.

माझ्या पोरांनी ते कॉलेजच्या लॅबमध्ये करून बघितलं. पहिल्यांदा त्यांनी गोंगाट अगदी थोडा ठेवला, म्हटलं आधी नीट शिकू दे. नेटवर्क पटकन शिकलं आणि आळशी झालं, सोळा शब्द कसेतरी वेगळे ठेवले आणि खूश, मग टेस्टिंगला खरा गोंगाट घातला तर पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं. मग ते दुसऱ्या टोकाला गेले, इतका गोंगाट घातला की नेटवर्कने हातच टेकले, काहीही पाठवा, उत्तर तेच. मधली कुठली तरी जागा असते, जिथे चुका होतात पण शिकण्याइतकं ऐकूही येतं, तिथेच ट्रेनिंग नीट होतं, आणि ती जागा शोधण्यात त्यांचे तीन आठवडे गेले. मला तेव्हा आईचं श्रवणयंत्र आठवलं, ती ते घालतच नाही, कारण तिच्या त्या मशीनमध्ये माझा आवाज मोठा होतो तसा कूलरचाही होतो, मग फरक काय राहिला. आवाज आणि गोंगाट यांचं एकमेकांशी प्रमाण काय, सगळं त्यावर असतं.

एक दिवस संध्याकाळी दोघं लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये आले, जमलं होतं. स्क्रीनवर सोळा ओळी, प्रत्येकीत सात आकडे, पण शून्य आणि एक नाहीत, कुठे ०.८३, कुठे उणे १.१२, असे. मी विचारलं, याचा नियम काय? म्हणाले, "मॅम, नियम माहीत नाही, पण चालते." मी त्यांना शाबासकी दिली, आणि घरी येताना अंबाझरीच्या रस्त्याने गाडी चालवत मनात तेच घोळत होतं, की चालते पण नियम माहीत नाही. आमच्या घरच्या कोडचंही तसंच आहे की. पाहुणा आला तर त्याला आईशी बोलता येत नाही आणि आम्हाला त्याला शिकवताही येत नाही.

पण घरची गोष्ट चार माणसांची आहे. फोनमधून पाठवायचे निरोप सोळा नसतात. चार बिट असले तर सोळा शब्द, पन्नास बिट झाले की साधारण ११ कोटी गुणिले १ कोटी इतके शब्द, आणि खरे कोड तर हजारो बिटांचे. नेटवर्कला एवढे शब्द दाखवणं कुठल्याच मशीनला जन्मात शक्य नाही. इथे नुसती ताकद लावून काही होत नाही आणि मला वाटतं हा विषय खरा सुंदर होतो तो इथूनच.

२०१६ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या नाचमनी, बेअरी आणि बुर्श्टाइन यांनी वेगळा रस्ता धरला. कोड जुनाच ठेवला, माणसाने बनवलेला, ऐकण्याची जुनी पद्धतही ठेवली, तिला बिलीफ प्रोपगेशन म्हणतात. यात प्रत्येक बिट आपल्या शेजाऱ्यांना सांगतो की मला वाटतं मी शून्य आहे, इतक्या खात्रीने, आणि पॅरिटीचे नियम त्या गोष्टी जुळवून परत सांगतात की बाकीच्यांकडे पाहता तू एक असावास. असं चारपाच फेऱ्या. आता यात एक अडचण अशी की रस्ते गोल असतात. मी इतवारीच्या बाजारात एकाला सांगितलं की अमक्याचं दुकान विकलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चौथ्या दिवशी तिसरा येऊन मलाच सांगतो की अमक्याचं दुकान विकलं बरं का, आणि मला वाटतं, बघा, खरंच होतं. ती माझीच गोष्ट माझ्याकडे परत आली आणि मी तिला पुरावा समजले. ज्या कोडमध्ये असे छोटे छोटे गोल रस्ते जास्त, तिथे ही पद्धत फसते. त्यांनी काय केलं तर प्रत्येक रस्त्यावर एक वजन ठेवलं, आणि नेटवर्कला फक्त ती वजनं शिकायला लावली, कोणाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, एवढंच.

आणि पन्नास बिटांच्या शब्दांचं काय? तर त्यांनी ट्रेनिंगला एकच शब्द वापरला, सगळे शून्य, त्यावर वेगवेगळा गोंगाट. हे मी वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, मग ते दरवेळी शून्यच म्हणन ना." अगदी बरोबर शंका, साधं नेटवर्क असतं तर तेच झालं असतं. पण इथे कोड लिनियर आहे, म्हणजे त्यातल्या कुठल्याही दोन शब्दांची बेरीज त्यातलाच एक शब्द असते, आणि डीकोडरची रचना अशी सममित ठेवलेली की कुठला शब्द पाठवला याने त्याच्या चुकण्याला फरकच पडत नाही, मग एकावर जे शिकलं ते सगळ्यांना लागू. अब्जावधी शब्द शिकायची गरज संपली, आणि ती संपवली जुन्या गणिताने, नेटवर्कने नव्हे. हे मला विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसवायचं असतं, कारण आजकाल प्रत्येक पोरगा येतो तो म्हणत येतो की आता एआय सगळं करते, थिअरी काहून वाचायची.

त्यांनी हे ज्या कोडवर तपासलं ते बीसीएच कोड. त्यातला बी म्हणजे बोस, राज चंद्र बोस, आणि सी म्हणजे त्यांच्यासोबतचे रे-चौधुरी. या बोसांचे एक विद्यार्थी आपल्या नागपूरचे, शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म सागरचा, १९१७ चा, पण शिकले नागपूरच्या सरकारी सायन्स कॉलेजात आणि पुढे तिथेच शिकवलंही. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी गणितज्ञ ऑयलरचा १७८२ पासूनचा एक अंदाज खोटा ठरवला आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांचा कोडच्या बांधणीवरही एक पेपर आहे, हॅडमार्ड मॅट्रिक्सवरून कोड बनवण्याचा, तो फार कोणी सांगत नाही. हॅडमार्ड मॅट्रिक्समध्ये नुसते अधिक एक आणि उणे एक असतात, आणि कुठल्याही दोन ओळी घ्या, बरोबर अर्ध्या जागी जुळतात, अर्ध्या जागी नाही. म्हणजे सगळे शब्द एकमेकांपासून सारख्याच अंतरावर. आईसाठी भाषा बनवायची असती तर मी अशीच बनवली असती.

त्याच जातीचा कोड १९७१ मध्ये मरिनर ९ यानावर होता. मंगळाच्या फोटोतला एकेक ठिपका ६ बिटांचा, त्याचे ३२ बिट करून पाठवायचे, कुठलेही दोन शब्द कमीत कमी १६ जागी वेगळे, म्हणजे ३२ पैकी ७ बिट बिघडले तरी ठिपका खरा कळतो. तो रीड-मुलर घराण्यातला कोड, आणि २०२१ मध्ये जे केओ कोड म्हणून आले ते याच घराण्याचे. तिथे नेटवर्कला मोकळं सोडलं नाही, रीड-मुलर कोड ज्या झाडासारख्या सांगाड्यावर उभा राहतो तो सांगाडा तसाच ठेवला आणि फक्त प्रत्येक फांदीच्या सांध्यावर जिथे साधी बेरीज होती तिथे छोटं नेटवर्क बसवलं. छोट्या आणि मध्यम लांबीत, तितक्याच सोप्या डीकोडिंगमध्ये, जुन्यापेक्षा कमी चुका. श्रीखंडे सर २१ एप्रिल २०२० ला गेले, एकशे दोन वर्षांचे होऊन. तेव्हा लॉकडाऊन होता, मी ऑनलाइन लेक्चर घेत होते, त्या दिवशी मी सिलॅबस बाजूला ठेवून पोरांना तासभर हेच सांगितलं, अर्ध्या पोरांचा आवाज तुटत होता, तरी सांगितलं.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये मात्र अजून हे शिकलेले कोड नाहीत. ५जी मध्ये माहितीसाठी एलडीपीसी नावाचा कोड आहे, जो रॉबर्ट गॅलेगरने १९६० च्या आसपास एमआयटीच्या पीएचडीत काढला आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपला नाही म्हणून तीसेक वर्षं धूळ खात पडला, आणि कंट्रोलसाठी, म्हणजे फोन आणि टॉवर यांच्यातल्या सूचनांसाठी, पोलर कोड, जो अर्दाल अरिकान यांनी २००९ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलचं ५जी ज्या पहिल्या आठ शहरांत आलं त्यात नागपूर होतं, माझे विद्यार्थी तेव्हा झीरो माइलजवळ उभे राहून स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट पाठवत होते, आणि मी त्यांना म्हणत होते की अरे बाप्पा, त्या स्पीडमागे साठ वर्षांपूर्वीचा एक थिसिस उभा आहे. शिकलेला कोड फोनमध्ये घालायचा तर त्याला बॅटरी कमी लागली पाहिजे, एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर आलं पाहिजे, आणि तो कधी फसेल हे आधी सांगता आलं पाहिजे. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नेटवर्क चुकतं तेही आईसारखंच, पूर्ण खात्रीने. दवाखान्यातल्या त्या हो हो नंतर मी खात्रीला घाबरते.

पण जिथे गोंगाटाचा स्वभाव कोणालाच नीट माहीत नाही, मधेच झटका येतो, मधेच शांत, तिथे शिकलेला डीकोडर जुन्याला मागे टाकू शकतो, कारण जुना एका ठरावीक गोंगाटासाठी बसवलेला असतो आणि याला नव्या गोंगाटात पुन्हा शिकवता येतं. या वर्षीची माझी पोरं त्यावरच काम करून राहिली आहेत.

दिवाळीत दुसऱ्या भावाची मुलगी आठ दिवस आमच्याकडे होती, साडेचार वर्षांची. तिला आमचा चहा-दिवा वाला कोड माहीत नव्हता, आणि तिचा आवाज बारीक, सगळा वरच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे आईसाठी नसल्यासारखाच. पहिले दोन दिवस ती आजीकडे जाऊन बोलायची, आजी भलतंच उत्तर द्यायची, पोरगी रडवेली. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर ती आजीच्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा टकटक करते, आजी वळून तिच्या तोंडाकडे बघते, आणि मग ती बोलते. प्रत्येक पॅकेटच्या आधी आपण ठरलेले काही बिट पाठवतो, की सावध हो, आता निरोप येतोय, त्याला प्रीअॅम्बल म्हणतात, हे मी दरवर्षी जुलैमध्ये शिकवते. बारा वर्षांत घरात मला ते सुचलं नाही.

ती गेली, टकटक राहिली. आता आम्ही सगळेच करतो. परवा रात्री मी पोरांचे ग्राफ तपासत बसले होते, लॅपटॉपमध्ये पार बुडालेली, आई दोनदा हाक मारून गेली म्हणे, मला पत्ताच नाही. मग मनगटावर दोन बोटं आली, टक टक. मी वर पाहिलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "जेवण. गार. होऊन. राहिलं."